मुशीच्या पोटातले पाहुणे, मुक्काम धाराशिव

माणसांच्या दवाखान्यात पेशंट स्वतः बोलतो. पोट दुखतं, डोकं दुखतं, सासू छळते, सगळं सांगतो आणि गोळ्या घेऊन घरी जातो. जनावरांच्या दवाखान्यात पेशंट गप्प उभा असतो आणि त्याच्या वाटचं सगळं मालक बोलतो. म्हैस आटली हे सांगायला आलेला माणूस आधी भावकी सांगतो, मग विहिरीचं पाणी, मग मेव्हण्याचं लग्न, आणि म्हैस सगळ्यात शेवटी! मी धाराशिवच्या ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून हे ऐकत वर्षानुवर्षं उभा राहिलो. एका हातात मलमाचा डबा, दुसऱ्या हातात शेपूट. किस्से साठले नसते तरच नवल.

त्यातले निम्मे तुम्ही ऐकलेले आहेत. आज फक्त डॉक्टर इमदादसाहेबांचे सांगतो. आणि त्यातही शार्क माशाचे. हसू नका! धाराशिवला समुद्र नाही हे मलाही माहीत आहे.

*

मी कामावर रुजू झालो तो पहिला दिवस. निजामाचं राज्य, तिकडं विलायतेत दुसरी मोठी लढाई चालू. दवाखान्यावर उर्दू पाटी होती, शिफाखाना-ए-हैवानात. मी तेव्हा तिशीचा, दोन लेकरांचा बाप. आत गेलो तर उंच, सडसडीत, शेरवानीतले एक गृहस्थ बारीक बघायच्या दुर्बिणीत एक डोळा घालून बसलेले, आणि दुसरा डोळा समोरच्या कागदावर. डाव्या हातानं दुर्बीण फिरवत होते, उजव्या हातानं चित्र काढत होते. मला वाटलं, नमस्कार करावा की नको? कुठल्या डोळ्याला करावा?

"या भानुदासराव," ते मान न उचलता म्हणाले. "हे बघा जरा."

मी बघितलं. पांढरट, चपटं काहीतरी. डोक्याला चार सोंडा, आणि प्रत्येक सोंडेवर उलटे वळलेले काटे. बोरीच्या फांदीसारखे.

"कोणत्या जनावरातलं, साहेब?"

"शार्क. कोकणात मुशी म्हणतात. मासा आहे. खोल पाण्यातला, जिथं होडीवरनं सोडलेला दोर तळाला लागत नाही. दोन माणसांएवढा लांब. हे त्याच्या आतड्यात राहतं, या काट्यांनी भिंत धरून."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात फुफाटा उडत होता. एक शेळी कडुलिंबाची साल सोलत होती.

"साहेब," मी म्हणालो, "उन्हाळ्यात आपल्याकडं प्यायला पाणी नसतं. समुद्रातला मासा दवाखान्यात येणार कसा?"

"मासा कशाला येतोय?" साहेब म्हणाले. "त्याचे आजार टपालानं येतात!"

*

त्याचं असं होतं. साहेब मुंबईला जनावरांच्या कॉलेजात शिकले. तिथं सामंत नावाचा एक कोकणी त्यांचा जिवलग दोस्त. शिक्षण झाल्यावर इमदादसाहेब निजामाच्या नोकरीत आले, सामंत किनाऱ्यावर मासळीच्या खात्यात गेले. लढाई सुरू झाली आणि विलायतेहून येणारं कॉडलिव्हर तेल बंद पडलं. मग आपल्याकडं मुशीच्या काळजाचं तेल काढायला लागले. होड्या लांब लांब जाऊन मुशी आणायच्या, आणि सामंत त्या फाडताना आत काय काय सापडतं ते बघायचे. आतड्यात चपटे किडे, कल्ल्यात बारीक किडे, कातडीला चिकटलेले वेगळेच. सामंतांना त्यातलं फार कळायचं नाही. इमदादसाहेबांची नजर मात्र किड्यांवर बसलेली. तर सामंत स्पिरिटमध्ये बुडवून बाटल्या पाठवायचे आणि साहेब चित्रं काढून, टिपणं लिहून परत पाठवायचे.

बाटली यायची बार्शीकडच्या छोट्या गाडीनं येडशीच्या टेशनावर. तिथं निजामाचा करोडगिरीचा नाका. बाहेरून येणारी चीज तपासल्याशिवाय पुढं जायची नाही. नाक्यावर एक पांढऱ्या दाढीचे मुन्शीजी बसायचे. पार्सल घ्यायला मी गेलो. मुन्शीजींनी झाकण उघडलं, वास घेतला आणि ताठ झाले.

"शराब!"

"शराब नाही मुन्शीजी, स्पिरिट आहे. आत किडे आहेत."

"किड्यांना शराब कशाला?"

"मेलेले आहेत ते."

"मेल्यावर पाजायची?"

पार्सल नाक्यावर अडकलं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः टांगा करून येडशीला. सोबत खिशात भिंग. त्यांनी मुन्शीजींना सलाम केला, बाटली उजेडात धरली, भिंग हातात दिलं आणि सांगायला लागले. मुन्शीजी बघतायत, बघतायत. बाहेर गाडी शिट्टी देतेय, हमाल ओरडतायत, आणि हे दोघं बाटलीवर वाकलेले.

शेवटी मुन्शीजींनी विचारलं, "याला उर्दूत म्हणतात काय?"

"तुफैली."

तुफैली म्हणजे न बोलावता पंगतीला येऊन बसणारा. मुन्शीजी इतके हसले की दाढी हलायला लागली. मग चष्मा पुसून त्यांनी चिठ्ठी लिहिली. ती मी पुढं बरीच वर्षं जपून ठेवली होती. "बिन बुलाए मेहमान, दो अदद, मुर्दा. जाने दिया जाए!"

*

मेलेले पाहुणे परवडले, जिवंत पाहुणे फार अवघड! हैदराबादेहून एक बडे अंमलदार दवाखान्याच्या तपासणीला आले. दोन दिवसांचा दौरा. उतरले साहेबांच्याच घरी. दोनाचे चार झाले, चाराचे आठ. तपासायला होतं काय? तीन कपाटं, जनावर अडकवायचा एक खोडा आणि मी. पण अंमलदारांना साहेबांच्या बेगम सकीनाभाभींच्या हातचं जेवण आवडलं. अंगणातल्या कोंबड्या रोज एकेक कमी व्हायला लागल्या. भाभी पडद्यात असायच्या, पण पडद्यामागून भांडी आपटायचा आवाज दिवसेंदिवस वाढत गेला.

नवव्या दिवशी जेवण झाल्यावर अंमलदारांची नजर साहेबांच्या चित्रावर पडली. चार सोंडांचा तोच किडा. "हे काय?"

साहेबांना कुणी एवढं विचारलं की बास! लहान लेकरासारखे खुलायचे. त्यांच्या मनात काडीचं पाप नव्हतं हे मी शपथेवर सांगतो.

"हुजूर, हा शार्कच्या आत राहतो. शार्कचं आतडं म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यातल्या गोल जिन्यासारखं, वळत वळत खाली जाणारं. शार्क दिवसभर खोल पाण्यात फिरते, शिकार करते, जखमा सोसते. हा त्या जिन्यावर बसून असतो. आणि गंमत म्हणजे, याला तोंडच नाही!"

"तोंड नाही? मग खातो कसा?"

"सगळ्या अंगानं, हुजूर!"

अंमलदारांनी दात कोरायचं थांबवलं. "आणि ती शार्क याला बाहेर काढत नाही?"

"कशी काढणार? हे काटे बघा ना, किती पक्के धरून बसलेत!"

पडद्यामागं एक पातेलं पडलं. त्यापाठोपाठ तोंडात पदर कोंबून हसल्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी अंमलदारांनी टांगा मागवला.

साहेब खरोखरच हळहळले. "इतक्या घाईनं गेले! अजून त्यांना कल्ल्यातले दाखवायचे होते."

पडद्यामागून भाभी म्हणाल्या, "ते चित्र फ्रेम करून बैठकीत लावा. इथून पुढं जो मुक्कामाला येईल, त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगत जा!"

चित्र लागलं. मी स्वतः खिळा ठोकला.

*

समुद्राचं कौतुक असलं तरी साहेबांचं खरं काम आपल्या जनावरांवरच चालायचं. भूमकडची एक धनगरीण, ठकूबाई. तिच्या मेंढ्या मरत होत्या. जबड्याखाली पाण्याची पिशवी धरायची, मेंढी खंगायची आणि जायची. वर्षभरात निम्मा कळप गेला. ठकूबाई दवाखान्यात आली ती औषधाला नाहीच. येताना एक मेलेली मेंढी पाठीवर घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टरसाब, हिच्यावर करणी झालीया एवढं कागदावर लिवून द्या. जाऊबाईनं केलीया. मला पंचांपुढं ठेवायचंय."

जावेशी ती वर्षभर बोलत नव्हती. एका वाड्यावर दोन चुली झालेल्या, लेकरांना एकमेकांत खेळायची बंदी. पंच जमले असते तर जावेला वाड्यावरनं हाकलूनच दिलं असतं.

साहेबांनी वाद घातला नाही. "लिहून देतो," म्हणाले. "पण आधी करणी कुठं बसलीय ते बघू." मेंढी अंगणात फाडली. काळीज काढून पाटावर ठेवलं आणि सुरीनं चिरलं. आतून चपटे, पानांसारखे किडे बाहेर आले. ओले, तपकिरी, काही अजून वळवळत होते.

ठकूबाई मागं सरकली. "आगं माय! ह्यो कसला पाला?"

"पाला नाही, किडा आहे. तळ्याच्या कडेला चिखलात बारकी गोगलगाय असते ना? तिच्यातून हा गवतावर येतो. मेंढी ते गवत खाते. तुमच्या मेंढ्या तळ्याकडंच चरतात ना?"

"तितंच तर हिरवं ऱ्हातंया."

"आणि जावेच्या?"

ठकूबाई हळूच म्हणाली, "तिच्या माळावर."

साहेबांनी औषध दिलं, काठावरच्या चिखलात मोरचूद टाकायला सांगितलं, आणि तळ्याकडं मेंढी न्यायची नाही अशी ताकीद दिली. ठकूबाईनं दोन किडे रुईच्या पानात गुंडाळले आणि गेली. कागद काही मागितला नाही.

पंधरा दिवसांनी दारात दोन बायका. ठकूबाई आणि तिची जाऊ. ठकूबाईचा चेहरा पडलेला. "साहेब, पानातले वाळून गेले. हिला दिसंना झाले. तुमी दावा."

आमच्याकडं बाटलीत होते ते साहेबांनी काढून दाखवले. जाऊ बाटलीकडं बघतच राहिली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हंजी वरीसभर मी ह्या मुडद्याच्या वाटच्या शिव्या खाल्ल्या व्हय!"

आणि मग दोघी अशा रडल्या, अशा रडल्या, की खोड्यातल्या बैलानं सुद्धा मान वळवून बघितलं.

*

तेरखेड्याचे चांदभाई दारूकाम करायचे. म्हणजे शोभेची दारू. बाण, चक्री, झाडं. एकदा शेळी दाखवायला आले. शेळीचं काम झालं तरी माणूस हलेना. भिंतीवर साहेबांनी नवीन चित्र टाचलं होतं, मुशीच्या कल्ल्यात राहणाऱ्या किड्याचं. अंग गव्हाच्या दाण्याएवढं, आणि मागं लोंबणाऱ्या दोन लांब दोऱ्या. त्या अंड्यांच्या माळा असतात. चांदभाई तासभर ते चित्र बघत उभे. शेळी दोरी तोडून केव्हाच बाहेर गेली होती.

त्या वर्षी उरसाला त्यांचं निमंत्रण आलं. "डॉक्टरसाब, जरूर या. तुमचा किडा उडवणार हाय!"

आम्ही दोघं गेलो. दिवस मावळताना त्यांनी बाण सोडला. तो वर गेला, फुटला, मधोमध पांढरा दाणा चमकला आणि त्याच्या मागं निळ्या ठिणग्यांच्या लांब माळा सावकाश खाली उतरत आल्या. लोकांनी "वाह! वाह!" केलं. माझ्या अंगावर तर काटा आला.

साहेब मात्र अस्वस्थ. चांदभाई जवळ आल्याबरोबर म्हणाले, "चांदभाई, चूक झाली! माळा दोनच असतात. तुम्ही पाच सोडल्या."

चांदभाई लाजले नाहीत. "डॉक्टरसाब, दोनात पब्लिकचं मन भरत न्हाय. तुमचा किडा गरीब होता. माझा जरा ऐपतीचा हाय!"

*

हा एकदम छोटा. सामंतांनी एका हिवाळ्यात बाटलीसोबत मुशीच्या तेलाची एक शिशी पाठवली, साहेबांच्या मुलीसाठी. झुबेदा तेव्हा सात वर्षांची. सारखी सर्दी व्हायची. तेलाचा वास असा, की शिशी उघडली तर खोडा मोकळा व्हायचा!

साहेबांनी चमचा भरला. झुबेदानं विचारलं, "अब्बा, ज्या माशात ते किडे असतात, त्याचंच ना हे?"

साहेबांना खोटं बोलता यायचं नाही. "त्याचंच."

"मग आधी तुम्ही घ्या."

साहेबांनी डोळे मिटून घेतलं.

"आता भानुदासकाका."

मीही घेतलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. शिशी संपेपर्यंत असं चाललं. त्या हिवाळ्यात मला आणि साहेबांना एक शिंकसुद्धा आली नाही. झुबेदाचं नाक मात्र होळीपर्यंत वाहत होतं!

*

मग ते वर्ष आलं. सत्तेचाळीस संपलं आणि आमच्याकडं सगळंच बिघडत गेलं. इंग्रज गेले, पण आमचं राज्य निजामाचंच राहिलं. सरहद्द बंद झाली. येडशीला माल येईना, पत्रं येईनात, सामंतांच्या बाटल्या थांबल्या. गावात निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकारांचं येणं-जाणं वाढलं. हिंदू भिऊन राहायचे, आणि भल्या मुसलमानांचीही त्यांच्यापुढं तोंड उघडायची सोय नव्हती. साहेब जुनीच चित्रं काढून परत शाई फिरवायचे. मी एकदा विचारलं, "काय करताय?" म्हणाले, "यांची ओळख विसरायला नको."

यातलाच एक किस्सा खरं म्हणजे नंतरचा आहे, पण तो आधी सांगतो. एकोणपन्नास साल. निजामाचं राज्य जाऊन काही महिने झालेले. सकाळची वेळ. एक ठेंगणे, गोरे, घामाघूम झालेले गृहस्थ दवाखान्याच्या पायरीवर. धोतराला तांबड्या मातीचे डाग. दोन्ही हातांनी पोटाशी एक बाटली धरलेली, लेकराला धरावं तशी.

"इमदाद अली इथंच असतो ना?" त्यांनी मला विचारलं. "असतो ना अजून?"

मी काही बोलायच्या आत साहेब आतून बाहेर आले. एकवीस वर्षांनी दोघं एकमेकांना बघत होते. एवढी टिपणं, एवढी पत्रं, पण भेट नाही. सामंत म्हणाले, "तीन पत्रं टाकली, एकाचं उत्तर नाही. इकडच्या बातम्या ऐकत होतो. राहवलं नाही. म्हटलं, पार्सल स्वतःच घेऊन जावं."

साहेब पुढं आले. दोघांच्या डोळ्यांतून पाणी. मी तोंड फिरवलं. म्हटलं, आता गळ्यात पडतील, दोन मिनिटं बाहेर जावं.

तेवढ्यात साहेबांचा आवाज आला. "सामंत, गधे! स्पिरिट वरपर्यंत भरायचं असतं हे तुला अजून कळलं नाही?"

मग पडले गळ्यात. बाटली मी धरली.

*

आता शेवटचा. हा त्याच्या आधीचा, अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरातला.

हिंदुस्थानची फौज आली आणि चार दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आम्ही गूळ वाटला, खोटं कशाला सांगू? मी पण वाटला. पण त्यानंतरचे दिवस फार वाईट आले. रझाकारांनी जे केलं होतं त्याचा राग भलत्याच माणसांवर निघायला लागला. ज्यांनी कधी कुणाच्या गवताच्या काडीला हात लावला नाही, त्यांच्यावर. खेड्यापाड्यांतनं बातम्या यायच्या. काही ऐकवत नसत. भाभी आणि झुबेदा उन्हाळ्यातच हैदराबादला माहेरी गेल्या होत्या, तेवढं बरं. साहेब एकटे होते.

मी सांगितलं, "माझ्या घरी चला." त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, "भानुदासराव, तुमच्या घरी लेकरंबाळं आहेत. माझ्यामुळं तुमच्या दारावर कुणी यायला नको. आणि दवाखाना आठला उघडतो."

ते रोज आठला दवाखाना उघडायचे. शेरवानी घालून, टोपी घालून, टेबलापाशी बसायचे. एक जनावर येत नव्हतं. पाच दिवस एक शेळीसुद्धा नाही. समोरच्या वडाखाली मात्र काही माणसं येऊन बसायला लागली. आधी दोघं, मग पाच. हातात काठ्या. ओळखीची नव्हती. बोलत काही नव्हती, नुसती दवाखान्याकडं बघत बसायची.

सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक बैलगाडी आली. वर तट्ट्या बांधलेला. चार कोसांवरच्या एका वाडीचे शेतकरी, तुकाराम आबा. साठीचे, खांद्यावर घोंगडी, मिशा पांढऱ्या. तीन वर्षांपूर्वी एकदा गाय घेऊन आले होते, तेवढीच ओळख. बरोबर दोन जवान पोरं, दोघांच्याही खांद्यावर कुऱ्हाडी. पोरं खाली उतरली आणि वडाच्या बाजूला तोंड करून गाडीशेजारी उभी राहिली.

आबा वडाखालच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टरसाब! बैल लई आजारी हाय. चला!"

साहेब उठले. पाच दिवसांनी पेशंट आला होता. थर्मामीटर घेतला, बाहेर आले आणि गाडीला जुंपलेल्या बैलापाशी गेले. "हाच का?"

"व्हय. ह्योच."

"चार कोस चालत आला?"

"आला बगा कसाबसा."

साहेबांनी बैलाचे डोळे बघितले. पापणी वर करून, खाली करून. जीभ ओढून बघितली. बरगडीला कान लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. ताप बघितला. वडाखालची माणसं उठून उभी राहिली होती. त्यातला एक दोन पावलं पुढं आला. आबांचा थोरला पोरगा कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेऊन टेकून उभा राहिला. तो माणूस थांबला.

साहेबांचं कशाकडं लक्ष नव्हतं. त्यांनी कान उलटा करून बघितला, शेपटी वर करून बघितली, चारही पाय एकेक उचलून खूर बघितले. मी आबांकडं बघितलं. आबा शांत. घाई नाही, काही नाही. हातात घोंगडी धरून उभे. गाडीत तट्ट्याखाली कडबा पसरलेला मला दिसला. त्याच्यावर एक वाकळ, पाण्याचा तांब्या, भाकरीचं गठुडं आणि एक नवीन पटका, न बांधलेला.

शेवटी साहेब सरळ झाले. हात पुसले. चेहऱ्यावर गोंधळ.

"आबा," ते म्हणाले, "डाव्या कानात एक गोचीड आहे. ती सोडली तर या बैलाला काहीही झालेलं नाही."

"ठावं हाय, डॉक्टरसाब," आबा म्हणाले. "तुमी बसा गाडीत."